गांधीजींचा चरख्याचा फोटो काढणारी बाई फाळणीच्या निर्वासितांना पुन्हा पुन्हा मागे का पाठवत होती?

गांधीजींचा चरख्यासोबतचा तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. शाळेच्या पुस्तकात, पोस्टरवर, नाहीतर दोन ऑक्टोबरला व्हॉट्सअॅपवर. आता फोटो न उघडता सांगा, त्यात गांधीजी काय करतायत?

बहुतेक जण म्हणतील, सूत कातत आहेत. पण ते वाचत आहेत. हातात कागद, नजर कागदावर, आणि चरखा त्यांच्या पुढे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. चरखा इतका मोठा दिसतो की उरलेलं काम आपलंच डोकं करून टाकतं.

हा फोटो १९४६ सालचा. पुण्यातला. आणि तो काढणारी होती अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाची फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट. अॅटनबरोच्या 'गांधी' सिनेमात कॅमेरा घेऊन गांधीजींसोबत फिरणारी गोरी बाई आठवते? कँडिस बर्गनने केलेली? तीच ही. सिनेमात ती शांत, समजूतदार वगैरे वाटते. खरी मार्गारेट तशी नव्हती. ती प्रचंड धाडसी होती, हट्टी होती, आणि हवा तो फोटो मिळवण्यासाठी समोरच्या माणसाला कितपत वाकवायचं याबद्दल तिचे नियम तिचे तिनेच ठरवलेले होते. त्या नियमांमुळे तिच्या हयातीतच तिच्यावर टीका झाली, आणि आजही फोटोग्राफी शिकवणाऱ्या वर्गांत तिचं नाव निघालं की दोन गट पडतात.

तर ही तिची गोष्ट.

मार्गारेटचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील जोसेफ व्हाइट इंजिनिअर, छपाईच्या मशीनवर संशोधन करणारे. फोटोंचं वेड त्यांनाही होतं. ते लहानग्या मार्गारेटला कारखाने दाखवायला न्यायचे, आणि ओतीव लोखंडाचा लाल झोत पाहून ही पोरगी खुळावून जायची. १९२२ मध्ये वडील गेले. पुढे बरीच कॉलेजं बदलत, मध्येच एक फसलेलं लग्न उरकत, १९२७ मध्ये तिने कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतली. नाव तिने स्वतःच घडवलं. आईचं माहेरचं बर्क, वडिलांचं व्हाइट, मध्ये एक छोटी रेघ.

मग ती क्लीव्हलँडला गेली आणि थेट ओटिस स्टील कंपनीच्या दारात उभी राहिली. पोलाद कारखान्यात बाईमाणसाने काय करायचं, असं वाटण्याचा तो काळ. अडचण आणखी एक होती. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग नीट दिसायचाच नाही. डोळ्यांना दिपवणारा वितळलेल्या पोलादाचा झोत फोटोत काळाठिक्कर यायचा. शेवटी मॅग्नेशियमच्या मशाली विकणारा एक फिरता विक्रेता तिला भेटला. त्या मशालींचा पांढरा उजेड पाडून तिने फोटो काढले, आणि ते एवढे गाजले की १९२९ मध्ये हेन्री ल्यूसने तिला आपल्या नव्या 'फॉर्च्यून' मासिकासाठी बोलावून घेतलं.

डोळ्यांना दिसतं ते फोटोत आपोआप उतरत नाही, ते उतरवण्यासाठी आपण उजेड पाडावा लागतो, हे तिने वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीच शिकून घेतलं. पोलादाच्या बाबतीत यात काहीच गैर नव्हतं. पोलादाला कोण विचारतो?

पुढची काही वर्षं यंत्रांची. १९३० मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन तिथल्या नव्या कारखान्यांचे फोटो काढणारी ती पहिली पाश्चात्त्य व्यावसायिक फोटोग्राफर ठरली. २३ नोव्हेंबर १९३६ ला 'लाइफ'चा पहिला अंक आला तेव्हा मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता, माँटानामधल्या फोर्ट पेक धरणाचा. 'लाइफ'ने सुरुवातीला नेमलेल्या चार फोटोग्राफरांत ती एकटी बाई.

पण मधल्या काळात, १९३४ मध्ये, 'फॉर्च्यून'ने तिला दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या भागात पाठवलं होतं. करपलेली शेतं, मेलेली जनावरं, आणि घर सोडून निघालेली माणसं. माणूस नावाचा विषय आपण आजवर सोडूनच दिला होता, हे तिला तिथे जाणवलं, असं ती पुढे सांगायची. आता तिला माणसांचे फोटो काढायचे होते. खरी गडबड इथून सुरू होते.

दुसऱ्याच्या तोंडी आपली वाक्यं

अर्स्किन कॉल्डवेल हा त्या काळचा गाजलेला कादंबरीकार. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कुळांवर, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कंगाल शेतकऱ्यांवर तो लिहायचा. त्याच्या कादंबऱ्या अतिरंजित आहेत असा आरोप होत होता, म्हणून त्याला फोटोंचा पुरावा हवा होता. दोघं मिळून दक्षिणेत फिरले, आणि १९३७ मध्ये 'यू हॅव सीन देअर फेसेस' हे पुस्तक आलं. तुम्ही त्यांचे चेहरे पाहिलेत, असा त्या नावाचा अर्थ.

पुस्तक खपलं, गाजलं. शेतमजुरांच्या हालांकडे शहरी अमेरिकेचं लक्ष वेधण्यात त्याचा वाटा होता, हे नाकारून चालणार नाही. पण त्यातल्या फोटोंखालच्या कॅप्शन बघा. प्रत्येक कॅप्शन म्हणजे फोटोतलाच माणूस बोलतोय, असं वाक्य. गावाचं आणि राज्याचं नाव खाली दिलेलं. वाचणाऱ्याला वाटावं की या म्हातारीने खरंच असं म्हटलं असणार.

तिने तसं काही म्हटलेलं नव्हतं. ती वाक्यं मार्गारेट आणि कॉल्डवेल यांनी बसून रचली होती. त्यांनी हे लपवलं मात्र नाही. फोटोंखालचे शब्द म्हणजे या माणसांच्या भावनांबद्दलची आमची कल्पना आहे, अशी सूचना पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. आता तुम्हीच सांगा, पुस्तक चाळताना सुरुवातीची सूचना कोण वाचतं? आज रीलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येणारी सूचना वाचतो तेवढेच लोक ती वाचत असणार.

आणि फोटो कसे काढले, तेही तिने पुस्तकाच्या शेवटी स्वतःच मोकळेपणाने लिहिलंय. कॅमेरा खोलीत एका बाजूला लावून ठेवायचा. लांबून बटण दाबता येईल अशी तार हातात घेऊन ती बसायची. कॉल्डवेल घरातल्या माणसांशी गप्पा मारायचा. तासभर लागला तरी चालेल. आपल्याला हवा तो भाव चेहऱ्यावर आला की बटण दाबायचं, समोरच्याला कळायच्या आत. यात तो 'हवा तो' शब्द महत्त्वाचा. तासाभराच्या गप्पांत माणूस हसतो, चिडतो, जांभई देतो, पाहुण्याची थट्टाही करतो. या पुस्तकात गेला तो बहुतेक वेळा हताश क्षण.

एक प्रसंग मात्र तिच्या बाजूने सांगायला हवा, कारण तो बाहेर आला तो तिनेच आत्मचरित्रात लिहिल्यामुळे. एका काळ्या बाईच्या खोपटात खोक्यांपासून बनवलेलं एक कपाट होतं, त्यावर तिच्या चार वस्तू मांडलेल्या. फोटो चांगला यावा म्हणून मार्गारेटने त्या वस्तू आपल्या हिशोबाने हलवल्या. बाहेर पडल्यावर कॉल्डवेलने तिला सुनावलं की त्या बाईने आपल्या वस्तू आधीच किती नीटनेटक्या लावल्या होत्या, फक्त ती मांडणी तुझी नव्हती. मार्गारेटला हा विचार नवा होता. आपण त्या बाईवर एक प्रकारे जबरदस्ती केली, असं तिने पुढे लिहिलं.

असं लिहिणारे फोटोग्राफर फार नसतात. अडचण एवढीच, की या शिकवणीचा असर दहा वर्षांनी पंजाबात दिसला नाही. पण तिथे पोहोचायला अजून वेळ आहे.

टीका करणारे तरी स्वच्छ होते का?

मार्गारेट आणि कॉल्डवेल यांचं हे काम चालू होतं त्याच सुमाराला, १९३६ च्या उन्हाळ्यात, 'फॉर्च्यून'नेच लेखक जेम्स एजी आणि फोटोग्राफर वॉकर इव्हान्स यांना अलाबामात कुळांच्या कुटुंबांवर लेख करायला पाठवलं होतं. लेख मासिकाने छापला नाही. त्याचं पुस्तक १९४१ मध्ये आलं, 'लेट अस नाऊ प्रेझ फेमस मेन'. इव्हान्सचे फोटो सगळ्यात आधी, एकाही कॅप्शनशिवाय. नंतर एजीचा लांबच लांब मजकूर, ज्यात तो पानोपानी स्वतःलाच धारेवर धरतो की या लोकांच्या घरात घुसून त्यांचं आयुष्य विकायचा आपल्याला अधिकार काय.

मार्गारेटबद्दल एजीच्या मनात काय होतं, ते त्याने एका वाक्यानेही सांगितलं नाही. 'न्यूयॉर्क पोस्ट'मध्ये आलेली मार्गारेटवरची एक कौतुकाची मुलाखत, तिच्या कोटाच्या लाल रंगासकट, त्याने पुस्तकाच्या मागच्या भागात जशीच्या तशी छापून टाकली. स्वतः एक शब्द जोडला नाही. गरीब शेतमजुरांच्या कहाणीनंतर त्यांच्यावर पुस्तक करणाऱ्या बाईच्या कपड्यांचं वर्णन. झणझणीत चपराक म्हणतात ती हीच.

पण गंमत बघा. त्याच पुस्तकात एजी कबूल करतो की घरचे लोक बाहेर गेले असताना त्याने त्यांच्या वस्तू उचकून पाहिल्या. आणि इव्हान्स? तो तर वस्तूंना हात न लावणारा म्हणून प्रसिद्ध. पुढे संशोधकांनी त्याचे फोटो एजीने केलेल्या घराच्या बारीक वर्णनाशी ताडून पाहिले तेव्हा काही वस्तू जागच्या हलवल्या असाव्यात, एखादी बाहेरून आणून ठेवली असावी, असा वाद उभा राहिला. तो अजून मिटलेला नाही.

तिसरा मार्ग होता डोरोथिया लँग आणि तिचा नवरा पॉल टेलर यांचा. १९३९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट करून टाकलं की फोटोंसोबतची वाक्यं त्या माणसांनी खरोखर उच्चारलेली आहेत, आम्ही त्यांच्या मनातलं रचलेलं नाही. कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण बाण कुठे होता ते वाचणाऱ्यांना कळलं. साधी गोष्ट वाटते, पण त्यासाठी वही काढून माणसाचं बोलणं उतरवून घ्यावं लागतं, आणि ते आपल्या फोटोला शोभेल याची खात्री नसते.

मार्गारेटला वही नको होती. तिला चित्र हवं होतं. आणि चित्र तिच्याइतकं जमणारे लोक कमीच होते, हे तिचे टीकाकारही मान्य करत.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९३७ च्या सुरुवातीला लुईव्हिल शहरात आलेला पूर. 'लाइफ'साठी काढलेल्या फोटोत मदतीच्या रांगेत उभे काळे लोक, हातात पिशव्या आणि बादल्या. त्यांच्या मागे कारखानदार संघटनेचं भलंमोठं होर्डिंग, त्यावर मोटारीत बसलेलं हसरं गोरं कुटुंब आणि अमेरिकेचं राहणीमान जगात सर्वोच्च असल्याची जाहिरात. काही मांडलेलं नाही, काही हलवलेलं नाही. फक्त कुठे उभं राहायचं हे तिने ठरवलं. तरी पुढे या फोटोचं काय झालं? तो महामंदीचा फोटो म्हणून जगभर फिरला. रांग भुकेल्या बेकारांची आहे असंच अनेकांना वाटत आलंय. ती पूरग्रस्तांची रांग होती. इथे मार्गारेटने काहीच खोटं केलं नाही, आणि तरीही फोटो जे सांगत नव्हता ते लोकांनी त्याच्याकडून वदवून घेतलं.

युद्धाची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र सिनेमा निघेल. १९३९ मध्ये कॉल्डवेलशी लग्न, १९४२ मध्ये घटस्फोट. मध्ये १९४१ मध्ये जर्मन विमानं मॉस्कोवर बॉम्ब टाकत असताना ती तिथे होती, स्टॅलिनचा फोटोही काढून आली. उत्तर आफ्रिकेला जाताना जहाजावर टॉर्पेडो बसला, ती लाइफबोटीतून वाचली. महिन्याभरातच बॉम्बफेकी विमानात बसून हल्ल्याचे फोटो काढायला गेली. ऑफिसात तिला अविनाशी मॅगी म्हणायचे ते उगाच नाही.

एप्रिल १९४५ मध्ये ती अमेरिकन फौजेसोबत बुकेनवाल्डच्या छळछावणीत शिरली. प्रेतांचे ढीग, हाडांचे सापळे झालेले कैदी. मनावर जणू पडदा ओढून काम केलं, कॅमेऱ्यामुळे आपल्यात आणि समोरच्या भीषणतेत थोडं अंतर राहिलं, असं तिने नंतर लिहिलं. ते फोटो काढायला नको होते असं आज कोणीही म्हणणार नाही. छळछावण्या नव्हत्याच म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला तेच उपयोगी पडतात. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून स्वतःला बधिर करता येणं तिथे गरजेचं होतं. पण बधिर व्हायची सवय लागते. छावणीतून बाहेर पडल्यावर ती आपोआप सुटते असं नाही.

पुणे, पंजाब आणि बिर्ला हाऊस

१९४६ च्या सुरुवातीला 'लाइफ'ने तिला भारतात पाठवलं. त्या दिवसांत गांधीजींच्या डोक्यात निसर्गोपचार होता. पुण्यात त्यांचा मुक्काम होता आणि त्याच मार्चमध्ये त्यांनी जवळच उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं.

मार्गारेटला गांधीजी चरख्यासोबत हवे होते. त्यांच्या सचिवांनी अट घातली, आधी सूत कातायला शिका. ज्या माणसासाठी चरखा म्हणजे जगण्याचा भाग आहे, त्याचा फोटो काढायचा तर चरखा काय आहे ते हातांनी कळू दे. ती शिकली, दोरा तुटत राहिला तरी शिकली. मग पुढच्या अटी. त्या दिवशी गांधीजींचं मौन आहे, बोलायचं नाही. त्यांना झगमगता उजेड सहन होत नाही, त्यामुळे फ्लॅशचे फक्त तीन बल्ब. पहिला वेळेवर पेटला नाही. दुसऱ्या वेळी घाईत तिच्याकडूनच कॅमेऱ्याची एक पट्टी ओढायची राहिली. तिसरा लागला, आणि तो फोटो झाला.

मार्गारेटच्या आयुष्यात हा प्रसंग वेगळा का, ते बघा. इथे अटी समोरच्या माणसाने घातल्या. किती उजेड, किती फोटो, आधी काय शिकायचं, सगळं त्याने ठरवलं. गांधीजी तिला गमतीने छळवादी बाई म्हणायचे, पण छळ किती होऊ द्यायचा हे त्यांच्या हातात होतं. दक्षिणेतल्या त्या कपाटवाल्या बाईच्या हातात ते नव्हतं.

आणि नंतरची गंमत अशी, की 'लाइफ'ने त्या वर्षी हा फोटो छोटा करून गांधीजींच्या निसर्गोपचारावरच्या लेखात वापरला. तो मोठा झाला १९४८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतरच्या श्रद्धांजलीच्या पानांत. फोटो तोच, अर्थ बदलला.

ऑगस्ट १९४६ मध्ये कोलकात्यात दंगल उसळली, हजारो माणसं मारली गेली. रस्त्यावरची प्रेतं आणि वर बसलेली गिधाडं, हे तिचे फोटो अमेरिकेत छापून आले. मग १९४७ च्या शरद ऋतूत ती पुन्हा भारतात आली, फाळणीसाठी. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून इकडून तिकडे निघाली होती. पंजाबातले मैलोन्‌मैल लांबीचे काफिले, बैलगाड्या, खांद्यावर घेतलेली म्हातारी माणसं. दिल्लीत पुराना किल्ल्याच्या भिंतीवर बसलेला मुलगा आणि त्याच्या खाली पसरलेली निर्वासितांची छावणी. हे सगळे फोटो तिचे.

तिच्यासोबत तेव्हा ली आयटिंगन नावाची 'लाइफ'ची वार्ताहर होती. तिने पुढे सांगितलेली आठवण अशी. भेदरलेल्या, उपाशी निर्वासितांचा एक घोळका चालत होता. मार्गारेटला हवा तसा फोटो मिळेना. म्हणून तिने त्यांना मागे जायला सांगितलं, पुन्हा चालत यायला सांगितलं. मग पुन्हा. आणि पुन्हा. ती माणसं इतकी घाबरलेली होती की नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. ती मरायला टेकलेली होती, असं आयटिंगनचं म्हणणं. विकी गोल्डबर्ग यांनी लिहिलेल्या मार्गारेटच्या चरित्रात हा प्रसंग आहे.

आता प्रश्न असा. तो फोटो खोटा म्हणायचा का? ती माणसं खरोखर निर्वासित होती. खरोखर त्याच रस्त्याने चालत होती. चेहऱ्यावरचा थकवाही खराच, फक्त त्यातला थोडा कॅमेऱ्याने घातलेला. फोटो दाखवतो ते घडत होतंच, पण फोटोसाठी जी जास्तीची पावलं त्यांना टाकावी लागली ती कुठेच दिसत नाहीत. त्यामुळे खऱ्या-खोट्याच्या वादात हा प्रसंग नीट बसतच नाही. तो नाही म्हणण्याच्या ताकदीचा आहे. महात्मा गांधींनी तीन बल्बची अट घातली आणि ती मार्गारेटने पाळली. रस्त्यावरच्या निर्वासितांना अट घालता आली नाही, म्हणून त्यांच्यासाठी बल्बची मोजदादच नव्हती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २००६ मध्ये खुशवंत सिंग यांच्या 'ट्रेन टू पाकिस्तान'ची खास आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात मार्गारेटचे ६६ फोटो घातले. कादंबरीतली फाळणी डोळ्यांसमोर उभी करायला साठ वर्षांनंतर तिचेच फोटो लागले. फाळणी म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं बरंच तिने पाहिलेलं आहे.

३० जानेवारी १९४८. त्या दिवशी दुपारी मार्गारेट गांधीजींची मुलाखत घेऊन आली होती, विषय अणुबॉम्बचा. काही तासांत गोळ्या झाडल्याची बातमी आली आणि ती परत बिर्ला हाऊसकडे धावली. पार्थिव ठेवलेल्या खोलीत ती कॅमेरा लपवून शिरली आणि तिथे, रडणाऱ्या माणसांच्या मधोमध, तिने फ्लॅश उडवला. लोक भयंकर संतापले. तिच्या कॅमेऱ्यातली फिल्म काढून टाकली गेली, तिला बाहेर काढलं. त्यावर तिने काय करावं? नवी फिल्म भरून पुन्हा आत जायचा प्रयत्न केला.

त्याच संध्याकाळी फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँही तिथे होता. तोही त्याच दिवशी गांधीजींना भेटून गेलेला. त्याच्याकडे छोटा लायका कॅमेरा, फ्लॅश नाही. त्याने फोटो काढले, कोणी त्याला हाकललं नाही. बिर्ला हाऊसच्या फाटकावर चढून जमावाला बातमी सांगणाऱ्या नेहरूंचा धूसर फोटो त्याचाच. या दोघांची तुलना नेहमी होते आणि ब्रेसाँ सभ्य, मार्गारेट उद्धट असा निकाल लागतो. पण दुःखात बुडालेल्या माणसांचे फोटो दोघांनीही काढले. एकाचा कॅमेरा आवाज करत नव्हता, उजेड पाडत नव्हता, एवढ्याने तो नैतिक ठरतो का, की फक्त सापडत नाही? अर्थात त्या खोलीतल्या माणसांसाठी हा फरक मोठा होता. डोळ्यांवर उजेड फक्त एकीने मारला.

भारतावरचं तिचं पुस्तक १९४९ मध्ये आलं. नंतर दक्षिण आफ्रिका. तिथल्या वंशभेदी सरकारचे अधिकारी अडवतील म्हणून तिने आपली मतं लपवली, गोड बोलत राहिली, आणि सोन्याच्या खाणीत सुमारे दोन मैल खोल उतरून घामाने निथळणाऱ्या दोन काळ्या कामगारांचा फोटो काढला. खाणीत ते नंबरांनी ओळखले जायचे, फोटोही त्याच नंबरांनी ओळखला जातो, ११३९ आणि ५१२२. इथे तिने फसवलं ते सत्ता असलेल्यांना, आणि त्याबद्दल तिला दोष देणारा विरळाच.

१९५२ मध्ये कोरियात तर तिने कमालच केली. डोंगरात लपलेल्या कम्युनिस्ट गनिमांमधून फुटून आलेला एक तरुण तिला भेटला. घरी त्याची आई तो मेला असं धरून बसलेली. मार्गारेटने त्याला घेऊन त्याचं गाव गाठलं आणि मायलेकांच्या भेटीचा फोटो काढला. म्हणजे ही बातमी तिनेच घडवली. पत्रकारितेच्या पुस्तकी नियमाने पाहिलं तर चूक. त्या आईला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते वेगळं सांगायला नको. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोलाच्या फोटोंत मार्गारेट या फोटोला धरायची.

याच सुमाराला तिचा डावा हात आणि पाय दगा देऊ लागले होते. पार्किन्सन्स. वयाची पन्नाशीही झालेली नव्हती. कित्येक वर्षं तिने हे सहकाऱ्यांपासून लपवून ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे अवघड क्षण टिपणाऱ्या बाईला आपला अवघड क्षण कोणी बघू नये असं वाटत होतं. १९५९ च्या जानेवारीत मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. आणि त्यानंतर तिने एक निर्णय घेतला. 'लाइफ'च्या पहिल्या चार फोटोग्राफरांपैकीच एक, तिचा जुना सहकारी आल्फ्रेड आयझनस्टाट, याला तिने आपले फोटो काढू दिले. शस्त्रक्रियेसाठी केस कापलेलं डोकं, चालायला नव्याने शिकणं, व्यायाम करताना होणारी दमछाक. जून १९५९ मध्ये ते 'लाइफ'मध्ये छापून आले. पार्किन्सन्सबद्दल लोक कुजबुजत बोलायचे, अशा काळात हजारो रुग्णांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी तिच्या आजारपणावर टीव्हीवर नाट्यही झालं.

१९६१ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया. १९६३ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, 'पोर्ट्रेट ऑफ मायसेल्फ'. आजाराबद्दल तिने त्यात सविस्तर लिहिलं, तो लपवण्यासाठी केलेल्या धडपडीबद्दलही. दक्षिणेतल्या कपाटाचा प्रसंग आहे. पुण्यातले तीन बल्ब आहेत. वडिलांबद्दल तर भरभरून आहे, त्यांचे कारखाने, त्यांचे कॅमेरे.

फक्त एक गोष्ट त्यात नाही. जोसेफ व्हाइट ज्यू कुटुंबातले होते. बुकेनवाल्डचे फोटो काढणाऱ्या मुलीने हे आयुष्यभर अगदी मोजक्या लोकांना सांगितलं होतं. बाकीच्यांना ते कळलं तिच्या मृत्यूनंतर, दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातून. मार्गारेट २७ ऑगस्ट १९७१ रोजी गेली, ६७ व्या वर्षी.